स्लाइड निळी येते, मोनोसाइट की लिम्फोसाइट ठरत नाही: सोलापूरच्या पाण्याचा परिणाम असेल का?

डीएमएलटी विद्यार्थी, सोलापूर

नमस्कार. डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करतोय. लीशमन स्टेनने (रक्तपेशी रंगवायचं द्रावण) स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर) रंगवतो. स्लाइडवर आठ थेंब स्टेन, दोन मिनिटांनी तेवढंच बोअरचं पाणी, मग दहा मिनिटं थांबून स्टेन ओतून टाकतो आणि स्लाइड धुतो. लाल पेशी गुलाबी न येता राखाडी-निळ्या येतात, इओसिनोफिल या पांढऱ्या पेशीचे दाणे काळपट दिसतात आणि सगळीकडे काळे ठिपके असतात. डीसी (पांढऱ्या पेशींच्या प्रकारांची टक्केवारी) करताना मोठा लिम्फोसाइट आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशींत गोंधळ होतो. शिवाय एका सँपलला मशीनने प्लेटलेट 42,000 दाखवले, पण पेशंटला ताप नाही, रक्तस्राव नाही, काहीच नाही. हा आकडा तसाच द्यायचा का?

हिमॅटोलॉजी बेंच, होटगी रोड

पेशी ओळखण्याचं नंतर बघू, आधी पाणी बदला. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड आणि अल्कलाइन असतं. लीशमनला पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) 6.8 लागतो. तो वर गेला की निळा रंग सगळ्यावर चढतो, इओसिन (स्टेनमधला गुलाबी रंग) धरतच नाही. मग इओसिनोफिल काळपट दिसणारच, आणि तुम्ही त्याला बेसोफिल (गडद दाण्यांची पांढरी पेशी) म्हणून मोकळे व्हाल.

बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) घरचाच करा. एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये 9.1 ग्रॅम पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट, दुसऱ्या लिटरमध्ये 9.5 ग्रॅम निर्जल डायसोडियम फॉस्फेट. दोन्ही निम्मं-निम्मं मिसळलं की 6.8 च्या जवळ येतं. त्यातलं 50 मिली घेऊन डिस्टिल्ड वॉटरने एक लिटर करा. पीएच पट्टीवर भरवसा ठेवू नका, मीटरवर बघा.

पाण्याचं मापही चुकतंय. बफर स्टेनच्या दुप्पट हवा. स्टेन पसरलेला असताना दोन मिनिटं फिक्सिंग, मग दुप्पट बफर, ड्रॉपरने हळू फुंकून एकजीव करायचं, वर धातूसारखी चकाकणारी साय आली पाहिजे. मग सात ते दहा मिनिटं. धुताना स्टेन कधीही आधी ओतून टाकायचा नाही. तीच साय स्लाइडवर बसते. तुमचे निम्मे काळे ठिपके तिथूनच येतात. स्लाइड आडवी असतानाच बफर सोडत राहायचा, साय वरून वाहून जाऊ द्यायची. शेवटी मिनिटभर बफर ठेवून कडा गुलाबी झाल्यावर स्लाइड उभी करून वाळवायची.

बाकीचे ठिपके उन्हाळ्याचे. एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर असतो, पंखा चालू असतो, आणि दोन मिनिटांत आठ थेंबांतलं मिथेनॉल उडून स्टेन स्लाइडवरच सुकतो. थेंब बारा करा, पंखा बंद ठेवा, वर पेट्री डिशचं झाकण घाला. पावसाळ्यात उलटं होतं: स्मिअर हळू वाळतो, मिथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि लाल पेशींत चकाकणारी भोकं पडतात. मिथेनॉलच्या बाटलीचं झाकण उघडं ठेवू नका, आणि स्मिअर वाळवायला तोंडाने फुंकर तर अजिबात नको.

पॅथॉलॉजिस्ट, सात रस्ता

बेंचवाल्यांनी स्टेनचं नेमकं सांगितलंय. आता पेशी.

मोजमापाची पट्टी स्लाइडवरच असते: लाल पेशी, साधारण सात-आठ मायक्रॉन. छोट्या लिम्फोसाइटचं केंद्रक जवळपास तेवढंच. मोनोसाइट लाल पेशीच्या दुपटीहून मोठा असतो. पण नुसत्या आकारावर जाऊ नका, कारण डेंग्यूमध्ये लिम्फोसाइटही फुगतो. क्रोमॅटिन (केंद्रकातली जाळी) बघा. मोनोसाइटचं विरळ विणीच्या कापडासारखं असतं, केंद्रक दुमडलेलं किंवा मूत्रपिंडाच्या आकाराचं, सायटोप्लाझम (केंद्रकाभोवतीचा भाग) राखाडी, त्यात बारीक धूळ आणि बऱ्याचदा पोकळ्या. रिअॅक्टिव्ह (संसर्गाने चेतलेल्या) लिम्फोसाइटचं सायटोप्लाझम निळं, कडेला जास्त गडद, आणि शेजारच्या लाल पेशींना बिलगून दबलेलं. ही बिलगलेली कड एकदा नजरेत बसली की गोंधळ बराच कमी होतो.

एक अट: स्मिअर ताजा हवा. ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) ट्यूबमध्ये रक्त चार-सहा तास पडून राहिलं की मोनोसाइटमध्ये खोट्या पोकळ्या येतात, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीच्या केंद्रकाचे खंड सुटे गोल होतात. दोन तासांच्या आत स्मिअर ओढा.

मोजायची जागाही महत्त्वाची. मोठ्या पेशी शेपटीला (स्मिअरच्या पातळ टोकाला) आणि कडांना जमतात, लिम्फोसाइट मधल्या भागात राहतात. फक्त शेपटीत 100 पेशी मोजल्या तर लिम्फोसाइट कमी भरतील. लाल पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात त्या पट्ट्यात, कडेपासून आत आणि परत बाहेर असं नागमोडी जा.

मोठं केंद्रक, नाजूक क्रोमॅटिन आणि आत न्यूक्लिओलस (केंद्रकातला गोल ठिपका) दिसणारी पेशी भेटली तर तिला लिम्फोसाइटच्या रकान्यात ढकलू नका. स्लाइड त्याच दिवशी पॅथॉलॉजिस्टच्या हातात द्या. ब्लास्ट (रक्ताच्या कर्करोगात दिसणारी अपरिपक्व पेशी) चुकणं पेशंटला फार महाग पडतं.

हिमॅटोलॉजी बेंच, होटगी रोड

प्लेटलेटचं राहिलं. 42,000 तसाच सोडू नका. आधी ट्यूबमध्ये काडी फिरवून गुठळी आहे का बघा. असेल तर सँपलच बाद. नसेल तर स्मिअरची शेपटी दहाच्या लेन्सखाली तपासा. तिथे प्लेटलेटचे पुंजके दिसले तर ईडीटीएमुळे ते चिकटलेत आणि मशीनने मोजलेच नाहीत. सोडियम सायट्रेटच्या निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये बरोबर रेघेपर्यंत रक्त घ्या, लगेच चालवा आणि आलेल्या आकड्याला 1.1 ने गुणा, कारण सायट्रेटने रक्त पातळ होतं. तिथेही पुंजके आले तर बोटातून थेट स्मिअर ओढा.

हाताने पडताळायचं तर शंभरच्या लेन्सखाली दहा फील्डची सरासरी काढून 15,000 ने गुणा. हा अंदाज आहे, पण 42,000 आणि दोन लाख यांतला फरक त्यात लपत नाही.

लाल पेशीवर बसलेला प्लेटलेट मलेरियाच्या परजीवीची रिंग वाटू शकतो. प्लेटलेटभोवती फिकट वलय असतं आणि फोकस किंचित वर-खाली करावा लागतो. रिंगला लाल ठिपका आणि निळं कडं वेगवेगळं दिसतं.

डीएमएलटी विद्यार्थी, सोलापूर

धन्यवाद सर, मॅडम. अजून एक विचारतो. टोटल काउंट (एकूण पांढऱ्या पेशी) 3,200. न्यूट्रोफिल 28, लिम्फोसाइट 62, मोनोसाइट 7, इओसिनोफिल 3 टक्के. शेऱ्यात लिम्फोसायटोसिस (लिम्फोसाइट वाढणं) लिहायचं ना?

पॅथॉलॉजिस्ट, सात रस्ता

नाही. टक्के बाजूला ठेवा, प्रत्यक्ष संख्या काढा. 3,200 चे 62 टक्के म्हणजे 1,984. मोठ्या माणसात 1,000 ते 3,000 चालतात, म्हणजे लिम्फोसाइट वाढलेलेच नाहीत. न्यूट्रोफिल 896 आहेत, आणि ते 2,000 च्या वर हवे होते. शेरा न्यूट्रोपेनियाचा (न्यूट्रोफिल कमी). विषाणूच्या तापात असं दिसतं, काही औषधांनीही होतं. कारण ठरवणं डॉक्टरांचं काम, पण 1,000 च्या खाली आकडा गेला की त्यांना फोन करून कळवा, रिपोर्ट पेशंटच्या हाती पडायची वाट बघू नका.

लहान मुलांत हे आकडे लावू नका. साधारण चार-पाच वर्षांपर्यंत लिम्फोसाइट न्यूट्रोफिलपेक्षा जास्त असणं स्वाभाविक आहे. वय न बघता शेरा लिहिला की आईबाप उगाच धास्तावतात.

स्लाइडवर केंद्रक असलेल्या लाल पेशी दिसल्या तर त्या 100 पांढऱ्या पेशींमागे किती ते मोजा. काही मशीन त्यांना पांढऱ्यांत धरतात. तुमचं मशीन तसं करत असेल तर टोटल काउंटला 100 ने गुणून, 100 अधिक त्या पेशी एवढ्याने भागा. 12,000 ला अशा 20 पेशी असतील तर खरा काउंट 10,000.