लेमन बार: खालचा थर ओला का राहतो?

लेमन बार म्हणजे बिस्किटाच्या थरावर लिंबाचं मिश्रण ओतून भाजलेल्या वड्या. हे मिश्रण खालच्या बिस्किटाच्या थराखाली उतरतं आणि तळ गिच्च होतो, या तक्रारीत दोष बहुधा लिंबाचा नसतो. तळ कच्चा राहिलेला असतो.

२० सेंमीच्या चौकोनी टिनसाठी १२५ ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ आणि ९० ग्रॅम गार लोणी चोळून घ्या. बटर पेपरवर वाटीच्या बुडाने घट्ट दाबा, कडांना जास्तच. गळती तिथूनच सुरू होते. १७५ अंशांवर २० ते २२ मिनिटं, कडा सोनेरी होईपर्यंत भाजा. फिकट तळ बाहेर काढू नका.

तोवर ३ अंडी, २०० ग्रॅम साखर, २० ग्रॅम मैदा, १०० मिली लिंबाचा रस आणि २ लिंबांची किसलेली साल (फक्त पिवळा भाग, पांढरा कडू लागतो) हाताने एकजीव करा. बीटर नको, फेस झाला की वर पांढुरकी पापडी धरते. मिश्रण गरम तळावरच ओता, म्हणजे तळाशी लगेच आळायला लागतं. मग १६० अंशांवर साधारण २० मिनिटं. टिन हलवल्यावर मधला भाग किंचित थरथरायला हवा, लाटेसारखा हलता कामा नये. जास्त भाजलं तर अंडं आवळतं, पाणी सुटतं, भेगा पडतात.

पूर्ण गार करून ३ तास फ्रीजमध्ये ठेवा, मग प्रत्येक कापाला सुरी पुसत वड्या पाडा. पिठीसाखर अगदी वाढताना भुरभुरा, आधी घातली तर विरघळते. रस आम्ल असल्याने कोटिंग नसलेला ॲल्युमिनियमचा टिन टाळलेला बरा.