प्रतिसाद: मायसिनी ते एपिडॉरस, मधला रस्ता

ग्रीसमधली मायसिनी आणि एपिडॉरस ही प्राचीन स्थळं एका दिवसात करू नका, नुसती धावपळ होते आणि मधल्या रस्त्यात बघण्यासारखं काही नाही असं वर कुणीतरी लिहिलंय. धावपळीचं पटलं, अथेन्सहून उशिरा निघालं तर होणारच. आम्ही आदल्या रात्री जवळच्या नाफ्प्लिओ गावात राहिलो आणि सकाळी आठला मायसिनी गाठलं म्हणून निवांत झालं. पण मधल्या रस्त्याचं अजिबात नाही पटलं! नाफ्प्लिओहून एपिडॉरसला जाताना अर्काडिको गावाजवळ रस्त्याला लागूनच एक दगडी पूल आहे, इ.स.पू. १३०० ते ११९० च्या दरम्यानचा, म्हणजे एपिडॉरसचं थिएटर बांधलं त्याच्या किमान आठशे वर्षं आधीचा. लांबी फक्त २२ मीटर, चुना वगैरे काही नाही, मोठे ओबडधोबड दगड एकावर एक आणि फटींत छोटे दगड, बस. रथ जाता यावेत म्हणून बांधलेला, आणि अजून उभा आहे. तिकीट नाही, गर्दी नाही.

बाबांनी आयुष्यभर रस्त्यांचीच कामं केली, ते मायसिनीच्या सिंहद्वारापाशी पाच मिनिटं थांबले असतील, इथे मात्र खाली ओढ्यात उतरून कमानीच्या दगडांवर हात फिरवत अर्धा तास बसले. मला तरी त्या दिवसातलं हेच सगळ्यात जास्त आठवतं. गाडी जरा हळू चालवा, नाहीतर कळायच्या आत पूल मागे पडतो.