शब्दचर्चा : ‘धार्मिक शिक्षण’, ‘धर्मशिक्षण’ की ‘धर्मपरिचय’? (संदर्भ : साम्यवाद गेल्यानंतरच्या युरोपातल्या शाळा)

चिमणगाणी
आम्ही पोलंडात, व्रोत्सवाफला असतो. मुलगी पहिलीत गेली. शाळेच्या फॉर्मवर विचारतात : ‘रेलिगिया’ (धर्माचा तास) हवी, ‘एतिका’ (नीतीचा तास) हवी, दोन्ही हवेत की काहीच नको? इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी ह्यावर लेख लिहायला घेतला आणि पहिल्याच परिच्छेदात अडकले. ‘रेलिगिया’ ह्या तासाला मराठीत काय म्हणू? ‘धर्म’ म्हटलं तर तास वाटत नाही. ‘धार्मिक शिक्षण’ म्हटलं तर आजी-आजोबांना वाटेल सगळ्या धर्मांची ओळख करून देतात. प्रत्यक्षात अभ्यासक्रम चर्च ठरवतं, शिकवणाऱ्याला बिशपची लेखी अनुज्ञा लागते आणि पगार सरकार देतं. तिसरीत मुलांच्या पहिल्या कम्युनियनची (ख्रिस्तप्रसाद प्रथमच घेण्याच्या विधीची) तयारी बरीचशी ह्याच तासाला होते.

आणखी एक. पोलंड, रशिया, लिथुआनिया अशा देशांना एकत्रितपणे ‘उत्तर-साम्यवादी’ म्हणायचं का?

फुटकळ
दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. ‘उत्तर-साम्यवादी’ नको. मराठीत ‘उत्तर’ पुढे लावला की बहुतेकदा ‘उत्तरार्धातला’ असा अर्थ होतो. उत्तर पेशवाई म्हणजे पेशवाई बुडाल्यानंतरचा काळ नव्हे, पेशवाईचाच शेवटचा टप्पा. त्या न्यायाने ‘उत्तर साम्यवाद’ म्हणजे ब्रेझनेव्हचा काळ. (आणि घाईत वाचणाऱ्याला उत्तरेकडचे कम्युनिस्ट वाटतील ते वेगळंच.) ‘उत्तर’ मागे लावा : स्वातंत्र्योत्तर, युद्धोत्तर, मरणोत्तर, तसं ‘साम्यवादोत्तर’. ‘उत्तर-आधुनिक’ने ही घडी विस्कटली हे खरं, पण म्हणून आपणही विस्कटायला हवी असं नाही.

वसईचा_बावखलेवाला
ताई, तुम्ही जे वर्णन केलंत त्याला आमच्याकडे, वसईच्या कॅथलिक समाजात, सरळ ‘धर्मशिक्षण’ म्हणतात. रविवारी मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग असतात. गोव्यात त्याला ‘दोतोर्न’ म्हणतात, पोर्तुगीज ‘दौत्रिना’वरून. ख्रिस्तपुराण लिहिणाऱ्या फादर स्टीफन्सची कोकणीतली दौत्रिन (धर्मतत्त्वांची पुस्तिका) गोव्यात रायतूरला १६२२ साली छापली गेली, म्हणजे शब्द आपल्या मातीत चारशे वर्षांचा आहे. फरक एवढाच की आमचा वर्ग चर्चच्या आवारात आणि चर्चच्या खर्चाने, तुमचा सरकारी शाळेत, सरकारच्या खर्चाने.

चिमणगाणी
बावखलेवाले, हे फारच उपयोगी. इथेही साम्यवादाच्या काळात तुमच्यासारखंच होतं. १९६१ मध्ये हा विषय शाळांतून काढला, तेव्हा मुलं संध्याकाळी चर्चच्या खोल्यांत जायची. त्याला ‘कातेहेझा’ म्हणत, शिकवणाऱ्याला ‘कातेहेता’. १९९० च्या सप्टेंबरात विषय शाळेत परत आला तो शिक्षणमंत्रालयाच्या एका परिपत्रकाने, संसदेत कायदा न होता. खोली बदलली तसा शब्दही बदलला : चर्चमध्ये होती ती कातेहेझा, शाळेत आली ती ‘रेलिगिया’. शिकवणाऱ्याला मात्र लोक अजून कातेहेताच म्हणतात.

कलम_अठ्ठावीस
वसईच्या वापराला आक्षेप नाही, पण ‘धार्मिक शिक्षण’ हा शब्द सैल समजू नका. आपल्या राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदात जे पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांत देता येत नाही, ते हेच. आता त्यात काय मोडतं? १९७१ मध्ये पंजाबातल्या डीएव्ही कॉलेजच्या खटल्यात प्रश्न आला की विद्यापीठाने गुरू नानकांच्या जीवनाचा आणि शिकवणीचा अभ्यास सुरू केला तर ते धार्मिक शिक्षण होतं का. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नाही. २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात हीच रेघ आणखी ठळक झाली : धर्माचे विधी, श्रद्धा, उपासना शिकवणं निराळं आणि धर्मांविषयी शिकवणं निराळं. इंग्रजीत ह्या दोन गोष्टींना दोन शब्द आहेत. मराठीत आपण दोन्हींना ‘धार्मिक शिक्षण’ म्हणतो आणि मग टीव्हीवरच्या चर्चेत एक जण एकाबद्दल बोलतो, दुसरा दुसऱ्याबद्दल.

माझं मत : आतून शिकवलं जातं ते ‘धर्मशिक्षण’, बाहेरून ओळख करून दिली जाते तो ‘धर्मपरिचय’. ‘रेलिगिया’ निःसंशय पहिल्या खणात.

तिरकस
‘रेलिगियाचा तास’ लिहा आणि मोकळ्या व्हा. पी.टी.च्या तासाला कोणी ‘शारीरिक शिक्षण’ म्हणतं का?

ओसरी
तिरकसराव, नाव जसंच्या तसं ठेवलं की भानगड झाकली जाते. ह्या देशांत सगळं भांडण नावावरच झालंय. रशियाचं उदाहरण घ्या. (रशियन शिकलेय, मॉस्कोत काही वर्षं काढलीत, म्हणून थोडं लांबण लावते.)

क्रांतीपूर्वी तिथल्या शाळेत ‘झाकोन बोझी’ असा विषय असे, शब्दशः ‘देवाचा कायदा’. जानेवारी १९१८ च्या फर्मानाने चर्च राज्यापासून आणि शाळा चर्चपासून वेगळी केली, विषय गेला. पुढे उलटं टोक गाठलं. विद्यापीठात ‘शास्त्रीय नास्तिकवाद’ शिकवू लागले. लेनिनग्राडच्या कझान कॅथीड्रलमध्ये १९३२ साली धर्माच्या इतिहासाचं संग्रहालय उघडलं, पुढे त्याच्या नावात नास्तिकवादही आला. सोव्हिएत राजवट मोडताना विद्यापीठांतल्या ह्याच नास्तिकवादाच्या विभागांवर ‘रेलिगिओवेदेनिए’ म्हणजे धर्माभ्यास अशा पाट्या लागल्या. प्राध्यापक बरेचसे तेच. त्यामुळे रशियात ‘धर्माभ्यास’ म्हटलं की श्रद्धाळू माणूस अजून जरा संशयानेच बघतो.

आता शाळा. राज्यघटना म्हणते राज्य ‘स्वेत्स्की’ म्हणजे इहवादी आहे, शिक्षणाचा कायदाही सरकारी शाळेबद्दल तेच म्हणतो. मग ऑर्थोडॉक्स चर्चला शाळेत यायचं तर कसं? ‘धर्म’ शब्द टाळून. विषयाचं नाव पडलं ‘ऑर्थोडॉक्स संस्कृतीची मूलतत्त्वं’. २००६ मध्ये बेल्गोरोदसारख्या प्रांतांनी तो सक्तीचा केला आणि गदारोळ उठला. २००७ मध्ये रशियाच्या विज्ञान अकादमीच्या दहा सदस्यांनी, त्यांत गिंझबुर्ग आणि अल्फ्योरोव हे दोन नोबेलविजेते, समाजाच्या वाढत्या चर्चीकरणाविरुद्ध पुतिनना उघड पत्र लिहिलं. तडजोड म्हणून आज चौथीत आहे तो विषय आला, नाव ‘धार्मिक संस्कृती आणि इहवादी नीतीची मूलतत्त्वं’. २०१० मध्ये काही प्रांतांत, २०१२ पासून देशभर. वर्षाला ३४ तास, गुण नाहीत, शिकवणार शाळेचेच शिक्षक. सहा भाग, पालकांनी एक निवडायचा : ऑर्थोडॉक्स, इस्लामी, बौद्ध, ज्यू संस्कृती, जगातल्या धार्मिक संस्कृती (ह्या भागाचं नाव आता ‘रशियातल्या लोकांच्या धार्मिक संस्कृती’) किंवा निव्वळ नीती. पहिल्या वर्षांत देशभरात सर्वाधिक पालकांनी नीती निवडली, हे अनेकांना अनपेक्षित होतं.

तर चिमणगाणी, तुमच्या पोलंडातलं ‘धर्मशिक्षण’ आणि रशियातलं हे, दोन्हींना एकच मराठी शब्द लावलात तर लेखाचा कणाच मोडेल. रशियातल्याला मी ‘धर्मसंस्कृती’ म्हणेन. अवघड वाटतं, पण त्यांनीही तो शब्द मुद्दाम अवघडच ठेवलाय.

राईनकाठ
ओसरीताईंना जोड देतो. जर्मनीच्या पश्चिम भागात धर्मशिक्षण हा मूलभूत कायद्यानुसार, म्हणजे जर्मन राज्यघटनेनुसार, शाळेचा नेहमीचा विषय, पंथाच्या तत्त्वांप्रमाणे शिकवायचा. एकीकरण झालं तेव्हा पूर्वेत चर्चशी संबंध नसलेलेच बहुसंख्य. म्हणून ब्रांडेनबुर्ग राज्याने आधी प्रयोग आणि मग १९९६ मध्ये कायदा करून वेगळाच विषय काढला : ‘जीवनाची घडण – नीती – धर्मज्ञान’. सगळ्या धर्मांचे आणि निधर्मी घरांतले विद्यार्थी एकाच वर्गात. त्यातलं ‘धर्मज्ञान’ हे मुद्दाम ‘धर्मशिक्षण’ नव्हे, शब्दच निराळा योजला. चर्चेस कार्ल्सरूहच्या घटनान्यायालयात गेली. न्यायालयाने २००१ मध्ये निकाल न देता समेटाचा मसुदा पुढे ठेवला : हा विषय राहील, आणि ज्यांना हवं त्यांना शाळेत चर्चचं धर्मशिक्षणही मिळेल.

एस्टोनियाही बघण्यासारखा आहे. तिथल्या भाषेत ‘उस्क’ म्हणजे श्रद्धा, ‘उसुंद’ म्हणजे धर्म. आजच्या अभ्यासक्रमातल्या ऐच्छिक विषयाचं नाव ‘उसुंद’वरून बेतलंय, ‘उस्क’वरून नाही. ‘धर्मपरिचय’ ह्यालाच चपखल बसेल.

फुटकळ
‘निधर्मी’ शब्द जपून वापरा, राईनकाठ. मराठीत तो सेक्युलर राज्यालाही लावतात, धर्म न मानणाऱ्या माणसालाही, आणि शिवी म्हणूनही. तुम्हाला ‘कोणत्याच धर्मसंस्थेचे सभासद नसलेले’ म्हणायचंय.

चिमणगाणी
बाप रे, विषय वाढला. आता ‘एतिका’चं सांगा. ‘नीतिशास्त्र’ लिहिलं तर पहिलीच्या मुलीला कांट शिकवतात असं वाटेल. आणि हा शब्द मला नीट हवाय, कारण इथल्या एका खटल्याचा लेखात उल्लेख आहे. एका अज्ञेयवादी कुटुंबातला मुलगा धर्मशिक्षणाला बसत नव्हता. त्याला एतिका हवी होती, पण पुरेशी मुलं नाहीत म्हणून शाळेने वर्गच काढला नाही. वर्षानुवर्षं त्याच्या प्रगतिपुस्तकावर ‘रेलिगिया/एतिका’समोर नुसती आडवी रेघ. स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयाने २०१० मध्ये निकाल दिला, ग्झेलाक विरुद्ध पोलंड : ती रेघ म्हणजे मुलाला कॅथलिकबहुल देशात वेगळं पाडणारी खूण आहे, हा भेदभाव आहे. त्यानंतर नियम बदलले, आता एकच मूल असलं तरी एतिकाची सोय करावी लागते. त्या मुलाच्या वेळी धर्मविषयाचे गुण सरासरीत धरायला लागले होते. २०२४ पासून ते धरत नाहीत, आणि २०२५ च्या सप्टेंबरपासून आठवड्याचे दोन तास एकावर आलेत. चर्च अर्थातच नाराज.

कलम_अठ्ठावीस
‘नीतिविचार’ लिहा. ‘मूल्यशिक्षण’ नको. महाराष्ट्रात वाढलेल्या वाचकाला त्यावरून परिपाठ आणि सुविचार आठवतील.

तिरकस
माझ्या शाळेत मूल्यशिक्षणाच्या तासाला गणिताच्या बाई बॅकलॉग भरून काढायच्या. तेवढंच नैतिक नुकसान.

वसईचा_बावखलेवाला
एक शंका. सगळे ‘कॅथलिक’ म्हणतायत, पण पोलंडात ऑर्थोडॉक्स आणि लुथरनही आहेत. त्यांच्या मुलांचं काय?

चिमणगाणी
त्यांना त्यांचं धर्मशिक्षण शाळेत मिळतं, मुलांची किमान संख्या भरली तर. पूर्वेला ब्यावीस्तोकच्या भागात ऑर्थोडॉक्स वर्ग भरपूर. आमच्यासारख्यांसाठी कागदावर एतिका, प्रत्यक्षात बरेच जण ‘काहीच नको’वर खूण करतात. २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत तो तास हमखास शाळेच्या सुरुवातीला किंवा शेवटी येत नसे आणि असं पोर मधेच ग्रंथालयात बसे. ह्यावरून शेवटचा प्रश्न : ‘धार्मिक विविधता’ लिहू का?

ओसरी
‘विविधता’ हे नुसतं वर्णन झालं : अनेक धर्मांचे लोक आहेत. पण ह्या देशांत कायदा त्या विविधतेची उतरंड लावतो, आणि तिथे कळीचा शब्द आहे ‘पारंपरिक’. रशियाच्या १९९७ च्या कायद्याच्या प्रास्ताविकात ऑर्थोडॉक्स पंथाची खास भूमिका नोंदवलीय, आणि मग ख्रिस्ती, इस्लाम, बौद्ध, ज्यू धर्मांचा आदर. चौथीच्या विषयात चारच धर्मांना स्वतंत्र भाग आहे. रशियातल्या बाप्टिस्ट किंवा कॅथलिक मुलाला सगळ्या धार्मिक संस्कृतींच्या सामाईक भागात किंवा नीतीत जावं लागतं. सर्बियात २००१ मध्ये शाळेत धर्मशिक्षण आलं ते सात पारंपरिक धर्मसमुदायांपुरतं. आपल्याकडे ‘पारंपरिक’ म्हणजे जुन्या वळणाचा, पैठणी नि पुरणपोळीवाला. तिथे ती सरकारदरबारची पायरी आहे. मी ‘राजमान्य’ सुचवेन.

फुटकळ
‘राजमान्य राजश्री’ थाट आवडला, पण लिथुआनियात गोंधळ होईल. तिथल्या १९९५ च्या कायद्यात नऊ समुदाय ‘पारंपरिक’ आहेत, त्यांत सुन्नी मुस्लीम आणि अगदी इवलासा करैम समाजही (ज्यू परंपरेतून निघालेला एक पंथ). त्याखाली ‘राज्याने मान्यता दिलेले’ अशी निराळी पायरी आहे, बाप्टिस्टांना ती २००१ मध्ये मिळाली. म्हणजे राजमान्य हे पारंपरिकाच्या एक पायरी खाली! तेव्हा ‘पारंपरिक’च ठेवा, अवतरणात, आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात उलगडा करा.

कलम_अठ्ठावीस
सहमत. ओसरीताई, तुमच्या ‘नास्तिकवादा’वर मात्र माझं एक टाचण. आपल्या परंपरेत नास्तिक म्हणजे वेद न मानणारा, म्हणून बौद्ध आणि जैन नास्तिक. बुर्यातिया, काल्मिकिया ह्या बौद्ध परंपरेच्या रशियन प्रांतांत सोव्हिएत सरकारने बौद्ध मठ पाडले ते ‘नास्तिकवादा’च्या नावाने, म्हणजे मराठीत नास्तिकांनी नास्तिकांचे मठ पाडले असं वाचावं लागेल.

ओसरी
मग ‘निरीश्वरवाद’ही फसतो, बुद्धालाही निर्मिक ईश्वर नकोच होता. सोव्हिएत धर्मविरोधकांच्या संघटनेचं नाव होतं ‘लढाऊ देवहीनांचा संघ’, १९४७ पर्यंत चालला. सरकारी धोरणाबद्दल लिहिताना सरळ ‘धर्मविरोध’ लिहावं आणि विषयाचं नाव म्हणून ‘शास्त्रीय नास्तिकवाद’ अवतरणात.

चिमणगाणी
ठरलं : पोलंडसाठी ‘धर्मशिक्षण’, रशियासाठी ‘धर्मसंस्कृती’, एस्टोनियासाठी ‘धर्मपरिचय’, एतिकाला ‘नीतिविचार’. ब्रांडेनबुर्गचं लांबलचक नाव तसंच ठेवते. मसुदा रविवारी इथेच टाकेन. कलमराव, २८ व्या अनुच्छेदाची तळटीप तुम्ही तपासून द्याल का?