मदत हवी आहे : मुलगी माझ्याकडे राहतच नाही
नमस्कार मंडळी. मुलगी साडेचार महिन्यांची आहे. पहिलं बाळंतपण, म्हणून बायको माहेरी सोलापूरला. मी चाकणला कारखान्यात, शिफ्टची नोकरी. तीन महिने शनिवारी रात्रीची एसटी पकडून जायचो, रविवारी रात्री परत. आता दोघी घरी आल्यात, पण मी उचललं की पोरगी भोकाड पसरते. लंगोट बदलायला घेतला की आई म्हणते, "राहू दे रे, तुला नाही जमायचं," आणि हातातून काढूनच घेते. बायको म्हणते, तू पुढेच होत नाहीस. दोघींचंही खरं आहे, हीच पंचाईत!

केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला 15 दिवसांची पितृत्व रजा आहे, खासगीत तसा कायदाच नाही. बायकोला 26 आठवडे मिळाले. मला दोन दिवस, तेही माझ्याच शिल्लक रजेतून. वर सुपरवायझर म्हणतो, "बाळंतीण तू आहेस का?"

पुढच्या महिन्यात बायको कामावर रुजू होतेय. अनुभवी बाबांनो, ओळख कशी वाढवली? मालिश-अंघोळ पूर्ण आपल्याकडे घेतली तर फरक पडतो का? आणि आईला न दुखावता कसं सांगायचं?