टार्गेटच्या मागे किती धावायचं?

पारसिक (धागाकर्ता):
ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका लॅबमध्ये औषधी रसायनशास्त्राचं काम करतो. कंपनीचं नाव विचारू नका, नोकरी टिकवायची आहे.

आमच्याकडे प्रोजेक्ट येतो तोच टार्गेट, म्हणजे औषधाने शरीरातल्या ज्या प्रथिनावर काम करायचं ते, ठरवून. हे किनेज अडवा, तो रिसेप्टर बंद करा. मग आम्ही बसतो रेणूच्या एका टोकाला फ्लोरीन चिकटवत, दुसऱ्या टोकाचं पायपेराझिन काढून मॉर्फोलिन लावत. आयसी-५० (प्रथिन निम्मं अडवायला लागणारी मात्रा, जितकी कमी तितकी चांगली) शंभर नॅनोमोलरवरून पाचावर आली की मीटिंगमध्ये वाहवा. पण ही मोजणी असते ट्यूबमधल्या शुद्ध प्रथिनावरची. ते प्रथिन अडवल्याने माणसाचा आजार हटतो का, हे विचारायला कुणाला सवड नाही.

टोरसेट्रापिब हे कोलेस्टेरॉलचं औषध आठवा. सीईटीपी नावाचं प्रथिन अडवायचं म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल वाढेल. अडवलं, वाढलंही. आणि डिसेंबर २००६ मध्ये फायझरला सुमारे १५ हजार लोकांवरची चाचणी थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होत होते.

माझं म्हणणं, आधी जिवंत पेशीत नाहीतर प्राण्यात परिणाम दिसू द्या, टार्गेट मागाहून सापडेल. आपल्या शेजारी मुलुंडला हेक्स्ट या औषध कंपनीच्या केंद्रात हेच झालं. कोलियसच्या मुळांतून (गुजराती घरांत जिचं लोणचं घालतात ती गरमर) १९७० च्या दशकात फोर्सकोलिन काढलं, ते रक्तदाब उतरतो आणि हृदयाचं आकुंचन जोरकस होतं हे पाहून. ते ॲडेनिलेट सायक्लेज या पेशींतल्या प्रथिनाला चालना देतं हे अमेरिकेत १९८१ मध्ये कळलं. टीबीचं बेडाक्विलिनही अख्ख्या जिवंत जंतूंवर रेणू तपासताना सापडलं. ते जंतूसाठी ऊर्जा बनवणाऱ्या एटीपी सिंथेजवर चालतं हे नंतर समजलं.

बोला.

घणसोली फास्ट:
सपशेल असहमत.

टोरसेट्रापिबचा दोष टार्गेटच्या माथी मारू नका. त्या रेणूने रक्तदाब आणि अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढवलं, आणि त्याचा सीईटीपीशी संबंध नव्हता. दुसरीकडे कुठेतरी चिकटत होता. म्हणजे गडबड टार्गेट ठरवण्यात नव्हती, रेणू पुरेसा नेमका नव्हता. हे काम तुमचं-आमचंच, नाही का?

आणि फोर्सकोलिनचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. त्या सायक्लेजचे शरीरात नऊ प्रकार पेशींच्या पडद्यात बसलेले, जवळपास सगळ्याच उतींत. फोर्सकोलिन त्यांतल्या बहुतेकांना सरसकट डिवचतं. म्हणून रोजच्या गोळीचं स्वप्न तिथेच राहिलं. जपानमध्ये त्याचा पाण्यात विरघळणारा भाऊबंद औषध झाला, बाकी जगात ते लॅबच्या फ्रीजमधलं रसायन. नेमकं कुठे बसतं हे आधी ठाऊक असतं तर हृदयापुरता रेणू घडवता आला असता.

उलट इमॅटिनिब बघा. सीएमएल या रक्ताच्या कर्करोगात बीसीआर-एबीएल हे एकच बिघडलेलं प्रथिन, त्यावर नेम धरून रेणू घडवला, २००१ मध्ये बाजारात. केआरएएस या कर्करोगातल्या प्रथिनाला तर 'याला औषध लागूच शकत नाही' म्हणून सोडून दिलं होतं. २०१३ मध्ये त्याच्या एका बदललेल्या रूपावर छोटासा खळगा सापडला आणि २०२१ मध्ये सोटोरासिबला मान्यता. हे पेशी मरताना बघत बसून झालं नसतं.

पारसिक:
रेणूच वाईट होता म्हणता? मग त्याच टार्गेटवरचे पुढचे रेणू बघू. डालसेट्रापिब, २०१२, उपयोग शून्य. इव्हासेट्रापिब, २०१५, तेच. ॲनासेट्रापिबने २०१७ मध्ये ३० हजारांवर लोकांत थोडासा फायदा दाखवला, तोही इतका कमी की मर्कने मान्यतेसाठी अर्जच केला नाही. चार कंपन्या, एकच टार्गेट. आता कुणाच्या माथी मारायचं?

आणि हिशेबच हवा असेल तर स्विनी आणि अँथनी यांची २०११ ची मोजणी आहे. १९९९ ते २००८ मध्ये आलेल्या, अगदी नव्या तऱ्हेने काम करणाऱ्या लहान रेणूंपैकी २८ परिणाम बघून सापडले, १७ टार्गेटवरून.

घणसोली फास्ट:
२०१४ ची मोजणी का लपवता? १९९९ ते २०१३, अशी ११३ औषधं. त्यांतली ७८ टार्गेटवरून, निव्वळ परिणाम बघून ८.

पारसिक:
लपवत नाही. त्या ७८ मध्ये ३३ प्रतिपिंडं वगैरे जैविक औषधं आहेत. प्रतिपिंड टार्गेटशिवाय बनवणार कसं? ती वजा करा. आणि 'परिणाम बघून' या खात्यात काय धरायचं, हेच दोघांचं वेगळं आहे. माहीत असलेल्या रेणूपासून सुरू केलेली औषधं त्यांनी तिसऱ्या खात्यात टाकली आहेत.

खारघर टेकडी:
मी पेशींवर काम करते, त्यामुळे दोघांनाही एकेक टोला.

पारसिक, 'पेशी मेल्या' हा परिणाम म्हणजे पुरावा नव्हे. तुमच्याकडून येणारे रेणू डीएमएसओ या द्रावकात झक्क विरघळतात. चाचणीच्या पाणीदार बफरमध्ये टाकले की ट्यूब किंचित दुधाळ होते, उजेडासमोर धरल्याशिवाय कळतही नाही. रेणूंचे गोळे झालेले असतात, ते मिळेल त्या प्रथिनाला लपेटून बसतात आणि स्क्रीनवर सुंदर आकडा येतो. ट्रायटन या साबणासारख्या द्रवाचा थेंब टाकला की गोळे सुटतात आणि ॲक्टिव्हिटी गायब! अशा 'हिट'वर मंडळी महिनोन्‌महिने नवे रेणू बनवून शुद्ध करायचे कॉलम चालवतात.

फास्टभाऊ, तुमच्यासाठी २०१९ चा पेपर. चाचण्यांपर्यंत पोचलेली कर्करोगाची काही औषधं घेतली आणि क्रिस्पर या जनुक कापायच्या तंत्राने त्यांचं कथित टार्गेटच पेशींतून काढून टाकलं. तरी औषधाने पेशी पूर्वीसारख्याच मेल्या! त्यांतल्या ओटीएस९६४ चं खरं टार्गेट सीडीके११ निघालं, कागदावर होतं भलतंच. म्हणजे नेम धरून मारला म्हणताना नेम कुठे होता हेच तपासलं नव्हतं.

कळवा ओपीडी:
रसायनातलं कळत नाही, पण बेडाक्विलिनचं नाव आलं म्हणून लिहितो. औषध गुणाचं आहे, वाद नाही. पण ते चालू असताना ईसीजी काढत राहावे लागतात, ईसीजीतला क्यूटी हा काळ लांबतो, ठोके बिघडू शकतात म्हणून. जंतूवर काय होतं ते बघून औषध सापडलं, ठीक. ते हृदयात कुठे जाऊन बसतं हे शोधणं परिणामवाल्यांनी कुणावर सोडलं?

घणसोली फास्ट:
डॉक्टर, +१००.

पारसिक:
डॉक्टर, मान्य. नकोशी टार्गेटं तपासायलाच हवीत, त्याला माझा विरोध नाही. खारघरताई, तुमचा २०१९ चा पेपर मात्र माझ्याच बाजूचा आहे. माझी मागणी आता एवढीच: पहिले दहा रेणू झाले की ते टार्गेट काढून टाकलेल्या पेशींवर चालवून बघा. तिथेही पेशी मेल्या, तर पाच नॅनोमोलरच्या मागे लागू नका.

घणसोली फास्ट:
हे चालेल, फक्त एक सांगा. आपल्या पट्ट्यातलं बरंचसं काम क्लायंटचं. तो पैसे मोजतो माणसामागे आणि रेणूंमागे. आठवड्याला इतके रेणू पाठवा, रेणूची ओळख पटवणारा एनएमआर जोडा, बिल लावा. त्या नॉकआउट (टार्गेट काढून टाकलेल्या) पेशींचं बिल कुणाला लावणार?

खारघर टेकडी:
क्लायंटलाच. आणि नाही म्हणाला तर ते ईमेलवर लेखी घ्या.