वय ३९, संबंधाच्या वेळी ताठरता टिकत नाही, सोलापुरात आधी कुठल्या डॉक्टरकडं जावं?

रात्रपाळी_३९ :
नमस्कार मंडळी. महिनाभर हे टाईप करून पुसायलोय, आज पाठवतोच. वय ३९, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. लग्नाला १३ वर्षं झाली, दोन मुलं. सात-आठ महिन्यांपासून संबंधाच्या वेळी ताठरता येते पण अर्ध्यातच जाते, आणि आता दोन महिन्यांत तर बऱ्याचदा येतच नाही. इच्छा आहे, बायकोशी भांडण नाही, काही नाही. पण मनात भीती बसलीय, ती दिवा घालवून आत आली की मी आधीच भिंतीकडं तोंड करून झोपेचं सोंग घेतो.
एका जाहिरातीवरच्या नंबरवर फोन केला, त्यांनी साडेचार हजार घेऊन कॅप्सूलची डबी पाठवली, वर लिहिलंय शंभर टक्के आयुर्वेदिक. घेतल्यावर दोन-तीन वेळा फरक पडला पण डोकं ठणकतं, तोंड गरम होतं, नाक चोंदतं. मावा दिवसाला सहा-सात पुड्या होतो, दारू शनिवारी. ते फोनवाले म्हणाले लहानपणीच्या हस्तमैथुनामुळं नस कमजोर झाली, हे खरं आहे का? आणि आता आयुष्यभर गोळ्या लागतील का? कृपया कुणी चेष्टा करू नका.

भवानीपेठकर :
भाऊ, चेष्टा कोण करेल, मी ह्यातनंच गेलोय. आता वय ५४. मलापण असंच सुरू झालं होतं आणि मी दीड वर्ष जडीबुटीवाल्यांच्या मागं फिरलो, कधी तंबूत, कधी लॉजवर येणाऱ्या वैद्याकडं, किती पैसे गेले घरात अजून सांगितलं नाही. मग जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत नवीन चप्पल घालून चाललो, अंगठ्याला फोड आला, तो फुटला आणि तीन आठवडे झाले तरी जखम ओलीच. बायकोनं ओढत दवाखान्यात नेलं, तिथं शुगर बघितली तर ३१२! डॉक्टरांनी मला विचारलं, ताठरतेचा काही त्रास आहे का? मी खालीच बघत बसलो. ते म्हणाले, तोच पहिला निरोप होता ओ, तेव्हाच आला असतात तर एवढी वाढू दिली नसती. म्हणून सांगतो, उद्या सकाळी उपाशीपोटी जाऊन शुगर तपासा, बाकी सगळं नंतर. माझं शुगर आटोक्यात आल्यावर बरंच सुधारलं, पूर्ण नाही, डॉक्टरांनी दिलेली गोळी लागते अधूनमधून, पण संसार नीट चाललाय.

मेडिकल_काउंटर :
मी मेडिकलवर बसतो, १६ वर्षं झाली. ती डबी आधी बंद करा. डोकं दुखणं, तोंड लाल गरम होणं, नाक चोंदणं हे सगळं सिल्डेनाफिलचं, म्हणजे व्हायग्रातल्या औषधाचं, लक्षण आहे. असल्या 'आयुर्वेदिक' कॅप्सूलमध्ये ते गुपचूप मिसळलेलं अनेकदा सापडलंय, आणि किती मिसळलंय हे कुणालाच ठाऊक नसतं. धोका कुठं ते सांगतो. ज्याला छातीत दुखतं म्हणून जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट किंवा नायट्रेटची दुसरी कुठलीही गोळी चालू आहे त्यानं सिल्डेनाफिल घेतलं तर बीपी एकदम कोसळतं, माणूस जाऊ शकतो. नपुंसकत्व बरं करतो अशी जाहिरात करायलाच आपल्याकडं १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, तरी भिंती रंगलेल्या असतात. लोक काउंटरवर येतात, आजूबाजूला बायका असल्या की क्रोसिन मागून परत जातात, पाच मिनिटांनी फिरून येतात आणि हळूच 'ती गोळी' म्हणतात. मला वाईट वाटतं. चिठ्ठी घेऊन या, कुणीही काही म्हणत नाही.

डॉक्टर_मेडिसिन :
मी एमडी मेडिसिन आहे, इथं तपासणी तर होऊ शकत नाही पण समजावून सांगतो. ताठरता म्हणजे मुळात रक्त भरणं. मेंदूकडून निरोप येतो, नसांमधून, म्हणजे मज्जातंतूंमधून, नायट्रिक ऑक्साईड सुटतं, रक्तवाहिन्या सैल होतात, रक्त आत शिरतं आणि तिथंच अडकून राहतं. ह्यातलं काहीही बिघडलं की त्रास होतो. डायबेटिस रक्तवाहिन्या आणि नसा दोन्ही खराब करतो, बीपी, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू रक्तवाहिन्या खराब करतात, आणि मावा म्हणजे तंबाखूच आहे, सिगारेट ओढत नाही म्हणून सुटका नाही. लिंगाच्या रक्तवाहिन्या १-२ मिलिमीटरच्या, हृदयाच्या ३-४ मिलिमीटरच्या, म्हणून अडथळा आधी इथं जाणवतो आणि हृदयाचा त्रास कधीकधी दोन-चार वर्षांनी दिसतो. चाळिशीच्या आतबाहेर हा त्रास आला की मी म्हणूनच हृदयाचीपण चौकशी करतो.
आता स्वतःला एक विचारा, पहाटे झोपेतून उठताना ताठरता असते का? नेहमीसारखी असेल तर नसा आणि रक्तपुरवठा बहुतेक ठीक आहे आणि भीती, ताण ह्यांचा भाग मोठा आहे. तीपण गेली असेल तर शरीरातलं कारण आधी शोधायचं. बऱ्याच जणांना दोन्ही असतं, एकदा जमलं नाही की पुढच्या वेळी त्याच धास्तीनं जमत नाही. हस्तमैथुनानं नस कमजोर होते हे साफ खोटं आहे, डोक्यातून काढून टाका.
उपाशीपोटी आणि जेवणानंतरची शुगर, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर), बीपी, कोलेस्टेरॉल, गरज वाटली तर सकाळी लवकर टेस्टोस्टेरॉन, एवढ्या तपासण्या आधी पुरतात. फिजिशियनकडं जा, ते गरजेनुसार युरोलॉजिस्टकडं पाठवतील, खर्चाची अडचण असेल तर सिव्हिलची ओपीडी आहेच. बीपीच्या किंवा डिप्रेशनच्या काही गोळ्यांनीपण असं होतं, चालू असतील तर सांगा, पण मनानं बंद करू नका.
सिल्डेनाफिल मुळात छातीच्या दुखण्यासाठी तपासत होते, १९९८ ला अमेरिकेत ताठरतेसाठी मान्यता मिळाली. ते साधारण तासभर आधी घेतात, तेलकट जेवणावर घेतलं तर उशिरा लागू पडतं, आणि इच्छा व स्पर्श नसेल तर गोळी एकटी काही करत नाही. टाडालाफिल ही त्याच जातीची दुसरी गोळी, तिचा असर ३६ तासांपर्यंत राहतो. ताठरता चार तासांच्या वर राहिली तर तडक दवाखाना गाठायचा. गोळ्यांनी नाही जमलं तर व्हॅक्यूम पंप, इंजेक्शन, शेवटी इम्प्लांटचं ऑपरेशन. म्हणजे रस्ता बंद झालाय असं समजू नका.

संसारी_बाई :
दादा, मी बाई आहे, ह्या विषयावर लिहावं की नाही विचार करत होते. माझे मिस्टर वर्षभर असेच भिंतीकडं तोंड करून झोपायचे. मला वाटलं ह्यांच्या आयुष्यात दुसरी कुणीतरी आहे. चोरून फोन तपासला, आरशासमोर उभी राहून स्वतःलाच दोष दिला, जाड झाले का, केस पांढरे दिसतात का. एका दुपारी ते जेवत होते, भाकरीचा तुकडा हातातच राहिला आणि रडायला लागले, तेव्हा कळलं. राग नाही आला हो, सुटल्यासारखं झालं. तुम्ही गोळीचं नंतर बघा, बायकोला आज सांगा, ती काय काय समजून बसली असेल ते तुम्हाला माहीत नाही.

रात्रपाळी_३९ :
सगळ्यांना हात जोडून धन्यवाद. ताईंचं वाचून त्याच रात्री गच्चीवर सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली मला वाटलं मी नको झाले तुम्हाला. डॉक्टरांकडं ती सोबत आली. रिपोर्ट आलाय, एचबीए१सी ८.९, बीपी १५०/९६. पहाटेची ताठरता मलापण हल्ली नव्हती, कुणी विचारलं नव्हतं म्हणून लक्षात आलं नाही. शुगरची आणि बीपीची गोळी सुरू केलीय, ताठरतेची गोळी डॉक्टर ईसीजी बघून देतो म्हणालेत. ती डबी कचऱ्यात टाकली. मावा दोन पुड्यांवर आणलाय, पूर्ण बंद करायलोय.
भवानीपेठकर काका, एकच विचारायचं होतं, रात्रपाळीत शुगरच्या गोळीची आणि डब्याची वेळ कशी धरायची? आमची जेवणाची सुट्टी रात्री दीडला होते, आणि पुढच्या सोमवारपासून माझी रात्रपाळी आहे.

भवानीपेठकर :
गोळीचं नाव घेऊन डॉक्टरांनाच विचारा आणि पाळीचं सगळं सांगा, ते वेळ पाळीप्रमाणं बदलून देतात. माझ्या भावाला तसंच दिलंय, तोपण मागावरच असतो. सोमवारच्या आधी जा, शनिवारी दुपारी मोकळा आहे मी, वाटलं तर मी येतो सोबत.