मदत हवी आहे: अलर्ट इतके येतात की खरा अलर्ट दिसतच नाही

चाकणकर_आयटी

मंडळी, नमस्कार. चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत आयटी सांभाळतो. सांभाळतो म्हणजे मी आणि एक ट्रेनी. ९ सर्व्हर, १४ नेटवर्क स्विच, कॅमेऱ्यांचे एनव्हीआर (रेकॉर्डिंगचे डबे), गेटवरची पंचिंग मशीन, वजनकाट्याचा पीसी. दीड वर्षापूर्वी हौसेने झॅबिक्स (सगळ्या मशीनवर नजर ठेवणारं फुकट सॉफ्टवेअर) बसवलं, जे जे पिंगला ('चालू आहेस का' या नेटवर्कवरच्या हाकेला) उत्तर देतं ते सगळं त्यात कोंबलं आणि तयार टेम्प्लेटबरोबर आलेले ट्रिगर (अलर्ट कधी वाजवायचा ते नियम) तसेच ठेवले.

गुरुवारी लाइट जाते. पेंट शॉपचा स्विच बंद पडतो (यूपीएस कधीच मेलाय), त्याच्यामागची ४० उपकरणं एका दमात 'डाउन'. लाइट आली की तेवढ्याच 'रिझॉल्व्ह्ड'च्या मेल. वैतागून मी आउटलुकमध्ये रूल लावला आणि सगळ्या मेल एका फोल्डरला पाठवल्या. तेच नडलं. गेल्या महिन्यात ईआरपीच्या (कंपनीचा स्टॉक-हिशोब ज्यात चालतो त्या सॉफ्टवेअरच्या) बॅकअपची डिस्क भरली. अलर्ट आला होता, त्याच फोल्डरमध्ये. ११ दिवसांनी एकाने आयटम मास्टर (सगळ्या मालाची मूळ यादी) उडवला आणि रिस्टोअर करायला गेलो तेव्हा कळलं. डेटा हाताने पुन्हा भरला, साहेबांचं ऐकून घेतलं ते वेगळंच.

आता साहेब म्हणतात चांगलं विकतचं सॉफ्टवेअर घ्या. एक वेंडर डेमो देऊन गेला, एआय आपोआप फालतू अलर्ट गाळतं म्हणे. घ्यावं का? मोठ्या कंपन्यांत हे कसं चालतं? शिवाय ऑडिटर विचारतोय लॉग किती दिवस ठेवता. काय सांगू?

रात्रपाळी

हिंजवडीत एनओसीमध्ये (नेटवर्कवर चोवीस तास नजर ठेवणाऱ्या कक्षात) सहा वर्षं रात्रपाळी केली आहे, म्हणून लिहितो. विकतचं घेऊ नका. तुमचा आजार सॉफ्टवेअरचा नाहीच. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी होईल.

मोठ्या ठिकाणी इव्हेंट, अलर्ट आणि तिकीट या तीन वेगळ्या गोष्टी असतात. इव्हेंट म्हणजे जे जे घडलं ते. कोणी लॉगिन केलं, पोर्ट खालीवर झाला, बॅकअप पूर्ण झाला. ते नुसतं साठतं, कोणी बघत नाही. त्यातलं थोडं 'लक्ष ठेवा' या वर्गात जातं आणि अगदी मोजकं 'कोणीतरी आत्ता हात लावा' या वर्गात. तिकीट (कोणाच्या तरी नावावर टाकलेलं काम) फक्त या शेवटच्याचं बनतं, तेही एका कारणाचं एकच. स्विच गेला तर तिकीट स्विचचं, मागच्या ४० उपकरणांचं नाही. आमच्याकडे नवीन ट्रिगर टाकताना एकच प्रश्न असायचा: हा वाजला तर रात्री दोनला उठलेल्या माणसाने नेमकं काय करायचं? उत्तर नसेल तर तो फक्त स्क्रीनवर दिसेल, मेल जाणार नाही.

आणि फोल्डरची लाज बाळगू नका. २०१३ साली अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानांच्या साखळीतून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली, तेव्हा त्यांच्या महागड्या यंत्रणेनेही इशारे दिले होते. लांडगा आला रे आला रोज ऐकलं की कान बसतात.

पिंगळा

झॅबिक्समध्ये करायचं कसं ते सांगतो. स्विचच्या मागच्या प्रत्येक उपकरणाच्या पिंग ट्रिगरला डिपेंडन्सी टॅबमध्ये स्विचचा ट्रिगर जोडा. स्विच पडलेला असेल तर मागच्यांची मेल जात नाही. पण नुसतं जोडून भागत नाही. स्विचच्या आधी कॅमेराच पडलेला दिसला तर मेल सुटतेच, म्हणून स्विचचा पिंग दर ३० सेकंदांनी आणि बाकीच्यांचा दर मिनिटाला ठेवा.

खरी गंमत लाइट आल्यावर. स्विच आधी उठतो, कॅमेरे रांगत मागून येतात, आणि मधल्या दोन-तीन मिनिटांत सगळी झुंड पुन्हा सुटते. त्यासाठी अॅक्शनमध्ये (ट्रिगर वाजल्यावर काय करायचं ते जिथे ठरतं तिथे) पायरीचा वेळ ५ मिनिटं करा आणि मेल पहिल्या पायरीऐवजी दुसऱ्या पायरीला पाठवा. तोवर प्रश्न सुटला तर मेलच नाही.

डिस्कला टक्केवारीवर विसंबू नका. टाइमलेफ्ट नावाचं फंक्शन आहे. भरण्याच्या वेगावरून किती वेळ उरला ते काढतं. तीन दिवसांखाली गेलं की वाजवा. ९० टक्क्यांवर वर्षभर निवांत पडलेली डिस्क उगाच ओरडत नाही.

बॅकअपचं मात्र उलटं करा. अपयशाची वाट बघू नका. बॅकअप स्क्रिप्टच्या शेवटी झॅबिक्स सेंडरने (झॅबिक्सला निरोप धाडणारा छोटा प्रोग्रॅम) 'झालं' असा निरोप पाठवा आणि २६ तास निरोप आला नाही तर नोडेटा ('काहीच आलं नाही' असा) ट्रिगर वाजू द्या. स्क्रिप्ट सुरूच झाली नाही, सर्व्हरच बंद होता, तरीही कळेल.

लॉगबुक

ऑडिटरसाठी: सर्ट-इनच्या (सायबर सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस भारताच्या अधिकारक्षेत्रात ठेवायचे. यादीतल्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या. सगळ्या मशीनची घड्याळंही जुळलेली हवीत, नाहीतर दोन लॉग शेजारी ठेवून काही उमगत नाही. लॉग साठवणं हे झॅबिक्सचं मुख्य काम नाही. विंडोजचा इव्हेंट लॉग ठरलेला आकार भरला की जुनं पुसून नवं लिहितो, तेव्हा तो बाहेर एका ठिकाणी ओढून घ्या. त्यासाठी वाझू हे लॉग गोळा करून तपासणारं सॉफ्टवेअर फुकट आहे. सुरुवातीला विंडोजच्या इव्हेंटचे तीनच नंबर बघा: ४६२५ म्हणजे फसलेलं लॉगिन, ४७४० म्हणजे लॉक झालेलं अकाउंट, आणि ११०२ म्हणजे कोणीतरी सिक्युरिटी लॉगच पुसला. शेवटचा दिसला तर जेवण टाकून उठा.

चाकणकर_आयटी

सगळ्यांचे आभार. पिंगळादादा, दोन गुरुवार झाले. परवा लाइट गेली तेव्हा एकच मेल आली, स्विचची. आउटलुकचा रूल काढून टाकला. बॅकअपचा निरोप लावला आणि मुद्दाम एक रात्र स्क्रिप्ट बंद ठेवून बघितली, वाजला. वेंडरला सध्या थांबवलंय. वाझू पुढच्या आठवड्यात ट्रेनीबरोबर बसून टाकतो.

रात्रपाळी

छान. आता त्या स्विचचा यूपीएस बदला की.

चाकणकर_आयटी

बॅटरी मागितली आहे. पर्चेसला तीन कोटेशन हवीत म्हणे.